‘खाली’ची खूण

“मागत होता थो मशीन. हात हालवू हालवू मागत होता. अन् बाईनं नाई म्हनलं.”

मामा, हे मी स्वयंपाकघरात चहा गाळताना ऐकलं. बोलत होते नेरचे मामा, तुमचे चुलतभाऊ. त्यांचा आवाज त्यांनी कितीही दाबला तरी भिंतीपलीकडे जातो, हे तुम्हीच नेहमी म्हणायचात. बाहेरच्या खोलीत सतरंजीवर तुम्ही गेल्याचं कळून आलेली माणसं बसली होती. कुणीतरी जीभ टाळ्याला लावून ‘च्च’ केलं.

“डाक्टर तयार होता?”

“तयार? नळी हातात घेऊन उभा होता ना बाप्पा. मी काचेतून पाह्यलं, माह्या डोयानं.”

मामी आतल्या खोलीत होती. दार नुसतं लोटलेलं. जे मला ऐकू आलं ते तिला ऐकू आलंच असणार. मी गाळणी झटकायचं विसरले, आणि तेवढ्यात आतल्या खोलीत तुमची श्वासाची मशीन सुरू झाली.

आधी तो बारीक सूर, मग हवेची ओढ. आत. बाहेर. आत. बाहेर. बाहेरची खोली एकदम गप्प झाली. तुमची तब्येत बघायला येऊन या आवाजाशेजारी बसलेली माणसं ती, त्यांना तो ओळखू आला.

“लाईन आली असंल,” कुणीतरी म्हणालं.

“लाईन गेलीच कधी होती?”

परवा ज्यांनी तुमच्यासाठी वंदना म्हटली ते वस्तीतले म्हातारे बौद्धाचार्य घसा साफ करून म्हणाले, “आपन आत्मा मानत नाई.” कुणी विचारलं नव्हतं तरी म्हणाले. आणि त्यांच्यासकट एकही माणूस उठला नाही.

त्या सगळ्यांपेक्षा मी जास्त घाबरले. कारण त्यांना एवढंच कळलं की मशीन सुरू झाली. मला त्यापुढचं कळत होतं. मास्क उशीवर नुसता पडला असेल तर हवा एकसारखी फुसफुसत वाहून जाते. आत-बाहेर असा ताल ती तेव्हाच धरते, जेव्हा मास्क चेहऱ्यावर असतो आणि तो चेहरा श्वास घेत असतो.

आत काय होतं ते तुम्हाला सांगायचंच आहे. पण तुमच्याशी माझे दोन-तीन वाद अर्धे राहिलेत आणि ते सोडून पुढे जाता येत नाही.

मी शाळेसाठी तुमच्या घरी राहायला आले तेव्हा आईने तुमच्याबद्दल बरंच सांगितलं होतं, तुमच्या दुपारच्या झोपेबद्दल नव्हतं सांगितलं. कापसाच्या जिनिंगचा हंगाम संपला की तुम्ही घरी असायचात. जेवून बाहेरच्या खाटेवर आडवे व्हायचात आणि घोरणं सुरू व्हायचं. त्याची मला भीती वाटत नसे. भीती ते थांबायचं तेव्हा. घरात कुणीतरी अनोळखी माणूस येऊन उभं राहावं तशी ती शांतता यायची. तांदूळ निवडणाऱ्या मामीचे हात सुपावर जागच्या जागी थांबत. मी पुस्तकातून मान वर करत नसे, पण वाचतही नसे. मग विहिरीतून वर ओढल्यासारखे तुम्ही एकदम हवा ओढायचात आणि मामीचे हात पुन्हा चालू व्हायचे. आम्ही दोघी त्याबद्दल कधी बोललो नाही. उठल्यावर तुम्ही विचारायचात, “काहून गप बसल्या वं दोघी? भांडल्या का?”

नागपूरच्या डॉक्टरांनी अंगाला वायरी लावून तुम्हाला झोपवलं आणि पहिली मशीन दिली, सीपॅप. माहितीपुस्तिका इंग्रजीत होती, म्हणून ती माझ्याकडे आली. मी वाचून सांगितलं की झोपेत तुमचा घसा आतून सैल पडतो, वाट मिटते. ही मशीन एकाच जोराने हवा आत ढकलत राहते आणि वाट उघडी ठेवते. बस. ऑक्सिजन वगैरे काही नाही.

“म्हंजे हवा हेच? या घरातली?”

“हो, मामा.”

“तुही मामी ज्या हवेत फोडनी देते, थेच?”

“हो.”

“मंग मी तोंड बांधून कायले झोपून राह्यलो?”

आणि मामी आतून, “तोंड बांधलं म्हनून घरात शांती हाय.”

तुम्ही तिला फुंकणी म्हणायला लागलात. चुलीतला जाळ विझू नये म्हणून फुंकतात ती. विहारात आनापानाला बसायचात तेव्हा श्वासाकडे बघत राहायला सांगायचे, त्याच्यावरूनही तुमचा विनोद तयार होता: “माह्यं आनापान आता फुंकनी करते, मी नुसता हजेरी लावतो.” पण त्या पहिल्या दुपारी ती शांतता आली नाही. मामी सुपाशी बसून रडली. तुम्हाला ते माहीत नाही, तुम्ही झोपला होतात.

घशाची वाट उघडली, पण पुढची छातीच थकलेली होती. इतकी वर्षं जिनमध्ये फिटर. रुईचा तो बारीक धुरळा नाकातोंडात जायचा आणि संध्याकाळी भुवया पांढऱ्या करून घरी यायचात. बोंडअळीच्या त्या वर्षी कापसाच्या गाड्याच आल्या नाहीत, जिनला कुलूप लागलं, तुमच्या अंगावरचा कापूस संपला. तरी मशीनची जाळी मी धुवायला काढली की तिच्यावर राखाडी लव असायची. गादीतून येत असेल, कपड्यांतून येत असेल. मी तसं तुम्हाला सांगायची. तुम्ही म्हणायचात, “गादीतून नाई. हे माह्यातून निंघून राह्यलं.” मला ते आवडायचं नाही. अजून मला त्याचं उत्तर सापडलेलं नाही.

मग डॉक्टरांनी मशीन बदलली. मी पुन्हा पुस्तिका वाचली. तुमच्या रक्तात खराब हवा साचते, ती बाहेर टाकायला छातीला मदत लागते. म्हणून बायपॅप. हिचे जोर दोन. श्वास घेताना जास्त, सोडताना कमी. मी सांगत होते आणि तुमचा हात हवेत उघडत-मिटत होता. “भाता,” तुम्ही म्हणालात. “लोहाराचा.” तिसरी आली ती चाकांची, कोपऱ्यात घरघरणारी, खोलीतल्या हवेतून ऑक्सिजन वेगळा काढून नाकातल्या नळीला देणारी. तिला नाव ठेवायला तुम्हाला वेळच लागला नाही. “हे तर जिन हाय. रुई इकडं, सरकी तिकडं.” मी म्हटलं, मग ऑक्सिजन रुई की सरकी? त्यावर आपला संध्याकाळपर्यंत वाद चालला. तुम्ही सरकीच्या बाजूने होतात, कारण पेरायला सरकीच लागते.

या तिसऱ्या मशीनने नेरच्या मामांना एकदा भलतंच काही करायला लावलं. ते भेटायला आले होते. त्यांच्या घरी ताटात पोळी पडली की पाहुण्याने हात आडवा धरायचा असतो आणि यजमानाने त्या हातावरून आणखी एक टाकायची असते. त्यांनी मशीनकडे पाहिलं. ऑक्सिजन किती जातो ते दाखवणारी छोटी गोळी काचेच्या नळीत अगदी तळाशी तरंगत होती.

“एवढीशीच हवा? पोटभर तं घेऊ द्या मानसाले,” असं म्हणून त्यांनी बटण फिरवून गोळी वर नेली.

तुम्ही हळूहळू गोड हसायला लागलात. बोलणं जड झालं. डोळे मिटले. सगळे म्हणाले, बघा, आता कुठे आराम पडला. मला मात्र ती तुमची झोप वाटली नाही. तुमच्यासारख्या छातीला ऑक्सिजन जास्त झाला तर खराब हवा आणखी साचते आणि माणूस गुंगीत आत आत जातो. हे मला माहीत होतं. भरल्या खोलीत सगळ्यांदेखत मोठ्या माणसाला टोकायचं कसं, हे माहीत नव्हतं. मी फराळ द्यायला आल्यासारखी ताटली घेऊन मध्ये गेले आणि गोळी डॉक्टरांनी केलेल्या खुणेवर आणून ठेवली.

शुद्धीत आल्यावर तुम्ही त्यांना म्हणालात, “आग्रह करू करू मारत होता गा मले.” तेही हसले. पण त्यांना पटलं नव्हतं. “हवा जास्त झाल्यानं कोनी मरते का?” त्यांच्या लेखी ज्याच्यावर जीव आहे त्याला जास्त द्यायचं. यापलीकडे त्यांचं काही नव्हतं, आजही नाही.

आता हातांबद्दल.

मास्क चढवला की तुम्हाला बोलता यायचं नाही. मग तुम्ही मला जिनमधली भाषा शिकवली. तिथे रोलर सुरू झाले की शेजाऱ्याचं ओरडणंही ऐकू येत नाही, सगळं हातावर चालतं. बोट हवेत फिरवलं की ‘चालू कर’. पंजा उभा केला की ‘थांब’. आणि मूठ घट्ट मिटायची, उलटी करायची, उघडायची, बोटं खालच्या दिशेने झटकायची, शेवटची बोंडं सांडावीत तशी. त्याचा अर्थ ‘खाली’.

पहिल्यांदा तुम्ही तोंडाने अर्थ सांगितलात तेव्हा मी जमिनीकडे पाहिलं होतं. माझ्या शाळेच्या मराठीत खाली म्हणजे तळाशी. तुम्ही इतके हसलात की मास्कच्या कडेने हवा सुटली. “खाली म्हंजे रिकामी, माय. कापूस सरला. आता बंद कर.” रिकामी मशीन चालू ठेवली तर रोलरचं चामडं तापतं, जळतं, त्याचा वास पार गेटपर्यंत येतो. “खाली मशीन आयकली की माह्या दातावर येते.”

मला ती भाषा फार आवडली, मामा. या घरात तोंड उघडलं की कुणी ना कुणी म्हणायचं, “इंग्लिश मिडियमची मास्तरीन बोलली.” हातांना कुणी काही म्हणत नसे. मामी शिकली, मी शिकले. जेवणाच्या वेळी आपण तिघं एक शब्द न बोलता मीठ मागायचो, हसायचो, नेरच्या मामांची नक्कल करायचो.

तुमच्याबरोबर जिनमध्ये असलेल्या एका माणसाला बघायला तुम्ही दवाखान्यात गेलात ती दुपार. परत आलात, चप्पल न काढता खाटेवर बसलात. तो व्हेंटिलेटरवर होता.

“छाती हालून राह्यली होती त्याची,” तुम्ही म्हणालात. “बरोबर तालात. पन थो नव्हता तथी. मी हात धरला. कोनीच नव्हतं.” मग मामीकडे बघून, “मले तसं खाली चालवू नका.”

मामी म्हणाली, “गप बसा. जेवून घ्या.”

मी वाद घातला. मी म्हटलं, व्हेंटिलेटर म्हणजे शेवट नाही. थकलेल्या छातीला विसावा देतात, मग माणूस स्वतःचा श्वास घ्यायला लागला की काढतात, कितीतरी लोक चालत घरी येतात. बायपॅपचाच मोठा भाऊ आहे तो, फक्त मास्कऐवजी घशात नळी. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत.

“जो येनार हाय त्याले लावा ना. जानाऱ्याले कायले?”

“पण येणार की जाणार, हे ठरवणार कोण?”

“मी सांगन.”

“आणि बोलता आलं नाही तर?”

तुम्ही नुसता हात वर केलात. वाद तिथेच राहिला.

तुमच्या शेवटच्या दिवशी आयसीयूत दवाखान्याची बायपॅप लावलेली होती आणि ती पुरत नव्हती. डॉक्टर तरुण होते, पुण्याकडचे. त्यांनी मामीला आणि मला तुमच्या खाटेजवळ नेलं. नीट सांगितलं त्यांनी. आता नळी घालून व्हेंटिलेटर लावावा लागेल. पण फुप्फुसं इतकी झिजलीत की एकदा लावला तर काढता येईल असं वाटत नाही. घरच्यांनी ठरवा.

मामी म्हणाली, “त्यायले खाली नका चालवू.”

“नाही नाही आजी, खाली नेत नाही त्यांना, इथेच ठेवणार आहोत.”

एरवी तुम्ही हसला असतात. तुम्ही डोळे उघडलेत. सलाइनचा हात चादरीवरून उचललात, मूठ मिटलीत, उलटी केलीत, उघडलीत, बोटं झटकलीत.

मी बोट हवेत फिरवून विचारलं: चालू?

तुम्ही पुन्हा मूठ मिटलीत. उलटी केलीत. उघडलीत. मग हात खाली पडला आणि तुम्ही मामीकडे बघत राहिलात. मामीने डॉक्टरांना नाही म्हणून मान हलवली.

काचेपलीकडे नेरचे मामा उभे होते. त्यांना दिसला तो एवढाच, एका गुदमरणाऱ्या माणसाचा वर उठलेला हात.

यानंतर मी एक चूक केली म्हणा किंवा सवय म्हणा. तुम्हाला निरोप देऊन आल्यावर मी फोनवर वाचत बसले. तिथे लिहिलं होतं की रक्तात खराब हवा फार साचली की माणसाचे हात आपोआप फडफडतात. पाखरू पंख झटकतं तसे. त्याला अर्थ नसतो. ते वाचल्यापासून घरातली प्रत्येक हलणारी गोष्ट मला तुमच्या हातासारखी दिसायला लागली. दोरीवरचा टॉवेल. पंख्याखालचं कॅलेंडर. तुमच्या शर्टाची खुंटीवरची बाही माझ्या डोळ्यांसमोर झटकली गेली, वारा नसताना, असं मला वाटलं. तुम्ही काही सांगितलंच नसेल तर? नुसता हात फडफडला असेल, आणि आम्ही दोघींनी त्यात आपल्याला येणारी भाषा वाचली असेल, तर?

हे घेऊन मी स्वयंपाकघरात उभी होते, नेरच्या मामांचं ते वाक्य बाहेरून आलं, आणि आत तुमची मशीन श्वास घ्यायला लागली.

मी दार ढकललं.

खाटेवर तुमच्या जागी कुणीतरी झोपलं होतं. छातीवर चादर, तोंडावर मास्क, पट्टे कानांवरून मागे. चादर तालात वर जात होती, खाली येत होती. मला खरंच क्षणभर कळलं नाही, मामा. मग हिरव्या बांगड्या काढून टाकलेला तो हात दिसला.

मामी डोळे उघडे ठेवून पडली होती. हवा तुमच्या मापाची, तुमच्या छातीएवढी, ती तिच्या छोट्या शरीरात ढकलली जात होती. गाल फुगत होते, डोळ्यांच्या कडेने पाणी वाहत होतं. ती मास्क काढेना. तिने माझ्याकडे पाहिलं आणि हात वर केला. मूठ मिटली. उलटी केली. उघडली. बोटं झटकली. आणि भुवया वर केल्या.

ती विचारत होती. हेच म्हणाले होते ना?

म्हणजे ती सुद्धा. मी फोनवर वाचलं होतं, तिने काही वाचलं नव्हतं, तरी बाहेरच्या एका वाक्याने तिला तिथेच आणून सोडलं होतं. तिने नाही म्हटलं होतं, आणि उरलेलं सगळं आयुष्य तिला त्या ‘नाही’सोबत या घरात राहायचं होतं.

मी तिच्या हाताकडे बघत राहिले. मिटलेली मूठ आधी, झटकणं नंतर. आणि मला ते दिसलं, मामा, जे त्या दिवसापासून नजरेसमोर असून दिसत नव्हतं. आजारी हात फडफडतो, पण तो मूठ मिटत नाही. उलटा होत नाही. कुणी प्रश्न विचारेपर्यंत थांबून तेच उत्तर पुन्हा देत नाही. हवा कोंडलेल्या त्या अवस्थेत मूठ मिटायला तुम्हाला केवढी ताकद लागली असेल. ती तुम्ही आमच्यासाठी लावलीत. दोनदा.

मी मान हलवून हो म्हटलं. मामीने मास्क काढला. कपाळावर पट्ट्यांचे वळ होते.

“लय जोरानं ढकलते वं हे,” ती म्हणाली. “कसं सोसत होते रोज.”

मी बटण दाबलं. आवाज थांबला आणि बाहेरची शांतता जास्तच ऐकू आली. मामीला उत्तर मिळालं होतं, पण ते या खोलीपुरतं. हातांनी दिलेलं उत्तर भिंतीपलीकडे जात नाही. उद्या ही सगळी माणसं नेरला, आर्णीला, महागावला परत जातील आणि प्रत्येकाच्या घरी ते वाक्य पोचेल. बाईनं नाई म्हनलं.

मी बाहेर आले. चहा तसाच राहिला होता. सगळे माझ्याकडे बघत होते आणि माझ्या मागच्या दाराकडे. नेरच्या मामांचा चेहरा पांढरा पडला होता. मला त्यांचा राग आला नाही. त्या काचेपलीकडे ते एकटेच उभे होते, आणि तुमच्यासाठी त्यांना फक्त जास्त हवं होतं.

“कोन हाये वं आत?” त्यांनी विचारलं.

माझे हात उचलले जात होते, ते मी एकमेकांत धरून ठेवले. माझा आवाज मला हवा होता तसा आला नाही, माझ्या शाळेचाच आला, पण आला.

“मामी आहे. तुम्ही बोललात ते तिनं सगळं ऐकलंय. मामांनी मशीन मागितली नव्हती, मामा. जिनमध्ये बंद करायला सांगतात तशी खूण केली त्यांनी. मी विचारलं, चालू करायची का. त्यांनी पुन्हा तीच खूण केली. ‘नाही’ मामाच म्हणाले. मामीनं फक्त त्यांचं ऐकलं.”